बियाण्याची कोनफळं

मोतुलोआ बेट, हाआपाई
८ जून

सुलिएती,

तू ऑस्ट्रेलियात सुखरूप पोचलीस, मळ्यावर खोलीही बरी मिळाली, हे कळलं. फोन करू नकोस असं मीच म्हणाले होते. वादळात टॉवर पडल्यापासून आपल्याकडे रेंज येते ती फक्त दुकानाच्या पायरीवर, आणि तिथे मी 'हॅलो' म्हटलं की अर्धं बेट कान टवकारतं. पत्र बरं. बोट उशिरा येते, पण चहाड्या तरी करत नाही.

तुझ्या नवऱ्याची खबर देते. पायाची जखम भरली. दोन बोटं कापली तिथे नवी कातडी आलीय. चालतो जरा तिरका, पण चालतो. साखर मात्र चढलेली, मागच्या खेपेपेक्षाही जास्त. मी म्हटलं, "लोपेती, मटण कोण खायला घालतंय तुला?" जमिनीकडे बघत म्हणाला, "कोणी नाही, ताई." तू संत्री तोडायला तिकडे गेलीस आणि हे साहेब इकडे मोकाट सुटले, दुसरं काय! इन्शुलिन नेमाने घेतो. रिकाम्या बाटल्या आणून देतो, त्यामुळे त्यात काही खोट नाही.

आणि एक नवीन काम माझ्या गळ्यात पडलंय. साखर आणि रक्तदाबाच्या प्रत्येक पेशंटला आता मनाचंही विचारायचं. उदास वाटतं का, कशातच गोडी वाटत नाही असं होतं का, जगणं नकोसं वाटतं का. आधी मला हसू आलं. आपली माणसं असलं काही सांगतात होय! पण पांगाईच्या मोठ्या हॉस्पिटलात तीन दिवस शिकवलं तेव्हा पटलं. ज्याचं मन बसलंय तो गोळ्या कशाला घेईल? तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते. लोपेतीलाही विचारलं. तिन्हींना "नाही" म्हणाला. तेव्हा तू निश्चिंत राहा.

आणखी एक सांगायचं म्हणजे यंदा भावाने बहिणीचा मान असा राखला की शेजारणी जळून खाक झाल्या. पहाटे पायरीवर कोनफळांचा हा एवढा ढीग! ठेवून, फाटकापाशी खाकरून निघून गेला. दरवर्षी आणतो, पण इतकी कधी नाही. तू नसतानाही त्याने आठवण ठेवली, याचं मला फार वाटलं.

वेइसिनिया


रेनमार्क, ऑस्ट्रेलिया
२० जून

वन्सं,

तुमचं पत्र जेवायच्या सुट्टीत वाचलं, आणि बायकांना तुमचा चहाड्यांचा विनोद सांगितला. इथे थंडी अशी आहे की सकाळी संत्र्याला हात लावला तर बोटं बधिर होतात. बाकी सगळं ठीक.

त्यांच्याकडे तुम्ही लक्ष देता म्हणून मी इथे दोन घास खाऊ शकते. हे मनापासून लिहितेय, नणंदेला खूश करायला नाही.

एक विचारू का? रागावू नका. ती कोनफळं कशी होती? लांब, अखंड होती, की आखूड तुकडे होते? कापलेल्या बाजूला राख चोळलेली होती का? आणि त्यांनी ती कुठून काढली, अंगणातल्या खोपटातून की चुलीवरच्या माळ्यावरून? तुम्ही म्हणाल, काय ही चौकशी! पण मला सांगाच.

मागच्या रविवारी ते दुकानावरून बोलले. खूप हसले. एवढे हसत नाहीत ते कधी. मी म्हटलं, मी परत येईपर्यंत शेत तयार करा. तर म्हणाले, "शेत कुठे पळून जातंय?" मला ते बरं वाटलं नाही.

आणि वन्सं, लहान तोंडी मोठा घास घेते. ते मनाचे प्रश्न त्यांना दुसरं कुणी विचारेल का?

तुमची सुलिएती


मोतुलोआ
३० जून

सुलिएती,

रागावू नका म्हणून लिहिलंस की माणसाने रागावायचं नाही, असं असतं का?

दुसरं कुणी म्हणजे कोण? या बेटावर नर्स एकच, ती मी. पांढरा गणवेश चढवला की मी कुणाची बहीण नाही की आत्या नाही. सगळ्या पेशंटना एकाच आवाजात विचारते. चर्चच्या पाळकांनाही विचारलं, आणि ते "हो" म्हणाले, हे मात्र पोटात ठेव. मग माझा सख्खा भाऊ माझ्याशी खोटं बोलेल? माझा भाऊ कसा आहे ते तू आता मला शिकवणार!

कोनफळांचं म्हणशील तर तुकडेच होते बहुतेक, आणि राख होती. भट्टीची लागली असेल म्हणून मी घासून धुतली. शेतातलं मला काय कळतं? चौदाव्या वर्षापासून मी राजधानीत शिकायला. मला कोनफळ कळतं ते ताटातलं. रविवारी पाळकांना जेवायला बोलावलं, अळूच्या पानात मटण बांधून भट्टीत घातलं आणि त्यात अर्धी कोनफळं संपली. सगळ्यांनी लोपेतीचं नाव काढलं. तो स्वतः आला नाही. पाय दुखतो म्हणाला.

शेत त्याने अजून नांगरलं नाही, हे खरं. जाळंही शेजारच्या सालेसीला देऊन टाकलं. मी म्हटलं बरंच झालं, मिठाच्या पाण्यात तो पाय नकोच. साखर मात्र अशी चढलीय की मशीन आता आकडा दाखवत नाही, नुसतं 'जास्त' म्हणतं. पुढच्या बोटीने त्याला पांगाईला पाठवीन म्हणते. त्याला सांगितलं तर म्हणाला, "बघू, ताई." डोळे नेहमीसारखे जमिनीवर. वजन उतरलंय. मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं, की पथ्य पाळ, नाहीतर बाबांसारखा पाय जाईल.

वेइसिनिया


रेनमार्क
९ जुलै

वन्सं,

हे पत्र आमच्यातली एक बाई घेऊन निघालीय, तिचा बाप आजारी आहे. बोटीवरून उतरल्या उतरल्या तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय. फोन चार वेळा केला. दुकानात कुणीतरी उचलतं आणि मागे सगळे बोलत असतात. तिथे हे कसं बोलू?

ती बियाण्याची कोनफळं होती. राख चोळून चुलीवरच्या माळ्यावर मी माझ्या हाताने रचली होती, पुढच्या लावणीसाठी. ती कुणी खात नाही. भूक लागली, वादळ आलं, घर उडालं, तरी ती खात नाहीत. ज्याला पुढच्या वर्षी शेत करायचंय तो माणूस ती देत नाही, वन्सं. त्यांनी तुमचा मान राखला नाही. त्यांनी तुमचा निरोप घेतला.

बियाणं दिलं, जाळं दिलं. आणि वजन उतरलं म्हणता. मटण खाणाऱ्याचं वजन उतरतं का? ते इन्शुलिन घेत नाहीत. बाटल्या रिकाम्या करणं काय कठीण आहे?

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. बोटं कापून घरी आले त्या आठवड्यात ते म्हणाले होते, "आज दोन बोटं, उद्या पाऊल, मग बाबांसारखं गुडघ्यापासून. माझे तुकडे तुकडे करून पुरण्यापेक्षा अख्खा असतानाच गेलो तर बरं." मी तोंडावर हात ठेवला त्यांच्या. तुम्हाला सांगायची लाज वाटली. नवऱ्याची ही गोष्ट नणंदेला कोण सांगतं?

तुमचा गणवेश पांढरा असेल, पण आत तुम्हीच असता ना! तुमच्यासमोर ते कधी शर्टाशिवाय आले नाहीत. आपण एका खोलीत असलो की ते दाराबाहेर बसतात. पोट बिघडलं तरी तुमच्याकडून गोळी मला आणायला लावतात. आणि तुम्ही त्यांना विचारता, जगणं नकोसं वाटतं का! मेले तरी "हो" म्हणणार नाहीत. ते खोटं बोलले नाहीत, वन्सं. ते भावासारखे वागले.

आता तुम्ही स्वतः जाऊ नका. फेलेती मामांना पाठवा. मामांशी ते काहीही बोलतात. आजच पाठवा.

सुलिएती


मोतुलोआ
२१ जुलै

सुलिएती,

आधी हे वाच: तो जिवंत आहे.

तुझं पत्र चार दिवसांपूर्वी सकाळी धक्क्यावर मिळालं. तिथेच फोडलं. सामानाची पोती उतरत होती, लोक हाका मारत होते. तशीच धावत मामांकडे गेले. मामा अंगणात चटई विणायची पानं वाळत घालत होते. मी म्हटलं, "मामा, लोपेतीच्या घरात जा." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लगेच उठले.

मी कुंपणाबाहेर उभी. भावाच्या घरात बहीण शिरत नाही, ही सवय अशी अंगात भिनलेली की तेव्हासुद्धा माझा पाय उचलेना. मामा बाहेर आले ते मासे ठेवायची बर्फाची पेटी घेऊन. आत सगळं इन्शुलिन भरलेलं, महिन्याभराचं. मला दाखवलेल्या बाटल्या त्याने अंगणातल्या नीरफणसाच्या झाडाच्या मुळाशी ओतल्या होत्या, हे नंतर कळलं. ज्या झाडाखाली तुम्ही जेवता, त्याच.

घर रिकामं. आणि होडी जागेवर नव्हती.

जाळं नसलेला माणूस होडी घेऊन कशाला जातो? मामा, सालेसी आणि दुकानातला पोऱ्या इंजिनाची बोट घेऊन निघाले. मी दवाखान्यात सलाईन लावायची तयारी करत बसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मी काय प्रार्थना केली ते सांगत नाही. देवाला धमकीच दिली म्हण ना.

खडकांच्या पलीकडे सापडला. नांगर टाकून, होडीत आडवा. श्वास मोठमोठा चाललेला आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास. साखरेने रक्त आंबलं की येतो तो वास. शुद्ध अर्धीमुर्धी. त्याला दवाखान्यात आणलं तेव्हा मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, सुलिएती. आम्ही लहान असताना एकदा घेतलं असेल, त्यानंतर कधी नाही. सलाईन लावलं, इन्शुलिन टोचलं, आणि त्याच इंजिनाच्या बोटीतून पांगाईला नेलं. वाटेत त्याने डोळे उघडले. मला बघितलं आणि मान फिरवली. लाजेने. मरता मरता याला लाज वाटतेय माझी!

तू बरोबर होतीस. मी प्रत्येक खेपेला "नाही" ऐकलं आणि खुशाल पुढच्याला हाक मारली. आणि वर ती कोनफळं खाल्ली. त्या दिवसापासून घासच उतरत नाही.

वेइसिनिया


रेनमार्क
२ ऑगस्ट

वन्सं,

आधी जेवा. तुम्ही आडव्या झालात तर त्या बेटावर सुई टोचायला कोण आहे? मी तुमच्यावर एवढी ओरडले त्याचं मला आता भय वाटतंय. भावजयीने नणंदेला असं लिहिल्याचं आमच्या आईला कळलं तर ती मला दारात उभी करणार नाही.

ते हॉस्पिटलातून बोलले. म्हणाले, "येऊ नकोस, हंगाम पुरा कर." मी म्हटलं, मी येते. तर म्हणाले, "तू आलीस तर सगळ्यांना कळेल मी काय करायला गेलो होतो. आत्ता सगळे म्हणतात, साखरेने चक्कर आली." आणि फोन ठेवलाही नाही. मी त्यांचा श्वास ऐकत बसले. काय करू सांगा. राहिले तर जीव तिथे, गेले तर त्यांची लाज चव्हाट्यावर.

आणि घरी सोडल्यावर पुढे काय? पुन्हा तुम्हीच साखर बघणार, पुन्हा तुम्हीच विचारणार, पुन्हा "नाही"?

बियाणं थोडं उरलंय ना? ते त्यांच्या शेतात जायला हवं, वन्सं. पण ते परत द्या असं मी म्हणूच शकत नाही. भावाने दिलेलं बहिणीने परत केलं तर तो खरंच मरेल.

मला नाही सुचत. तुमच्याकडे एक हक्क आहे जो माझ्याकडे नाही. बायकोला नाही म्हणता येतं.

सुलिएती


मोतुलोआ
२५ ऑगस्ट

सुलिएती,

"बायकोला नाही म्हणता येतं." हे वाक्य मी तीनदा वाचलं. तू साधीभोळी आहेस असं मला कुणी सांगितलं होतं गं?

लोपेतीला घरी सोडलंय. पण आधी दवाखान्याचं. शेजारच्या बेटावर वायसेले नावाचा नर्स आहे, पुरुष, गाणं म्हणत इंजेक्शन देणारा. लोपेतीशी त्याचं दूरचंही नातं नाही. पांगाईला डॉक्टरीणबाईंना म्हटलं, एक आड एक बुधवारी तो इथे येईल, मी तिकडे जाईन. त्या म्हणाल्या, "इंधन कोण देणार? आणि तुम्हाला विचारता येत नाही का?" मी म्हटलं, "बाई, मला विचारता येतं. त्यांना सांगता येत नाही." मग त्यांना सगळं सांगितलं, माझ्या तोंडाने, माझीच चूक. त्यांनाही भाऊ आहे. इंधनाचं बघते म्हणाल्या.

पहिल्या बुधवारी मी तिकडे गेले. तिथली एक म्हातारी, रक्तदाबाची, वायसेलेला दर खेपेला "सगळं छान" सांगत होती. वायसेले तिच्या नात्यात भाऊ लागतो. मी विचारलं, आणि तिने माझा हात धरला तो सोडेचना. नवरा गेल्यापासून गोळ्या उशीखाली साठवतेय. मी दारामागे जाऊन डोळे पुसले आणि मग पुढचं काम केलं.

इकडे परत आले तर वायसेले बोटीत चढत होता. मी म्हटलं, "आला होता का तो? काय म्हणाला?" गाणं अर्धवट सोडून म्हणाला, "सिस्टर, तुम्ही बहीण आहात." बस्स. माझ्याच दवाखान्यात माझ्याच भावाचं मला काही कळायचं नाही! संताप संताप झाला. घरी येईपर्यंत चडफडत होते. मग कळलं की यासाठीच तर मी त्याला आणलंय. तेव्हा तुला तो काही बोलला असेल तर मला लिहू नकोस. मी विचारलं तरी नको.

पण आला की नाही तेवढंसुद्धा ठाऊक नाही. इन्शुलिन मामा रोज सकाळी त्याच्यासमोर बसून घ्यायला लावतात, एवढंच बघते. तेही मामांना कंटाळा येईपर्यंत.

आता बियाण्याचं. परवा मानाच्या कामाची ठेवणीतली चटई कमरेला बांधली आणि मामांना रीतसर निरोप्या केलं. माझ्या लेकीचा, पेलेचा, एकविसावा वाढदिवस पुढच्या जूनमध्ये. निरोप असा: "बहीण मागते. भाचीच्या जेवणावळीला मामाच्या शेतातलीच कोनफळं हवीत, दुसऱ्या कुणाची चालणार नाहीत. बियाणं बहिणीने जपून ठेवलंय, ते न्या." अर्धं खाल्लं ते जपून ठेवलं म्हणायला जीभ अडखळली, पण मामांनी डोळा मारला.

मामा पोतं खांद्यावर टाकून गेले. पोतं दारातच पडून आहे. लावणीचे दिवस संपत आलेत. मी येता जाता कुंपणावरून बघते आणि काही न बघितल्यासारखं दाखवते.

तू हंगाम पुरा कर. मी आहे इथे, कुंपणाबाहेर.

वेइसिनिया


मोतुलोआ
१९ सप्टेंबर

ताई,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आपली घरं हाकेच्या अंतरावर. पण हे मामांच्या तोंडून सांगावंसं वाटत नाही, आणि समोर येऊन बोलता येणार नाही.

तुमचा निरोप मिळाला. राग आला. बहीण मागते म्हटल्यावर भावाला नाही म्हणायला जागा नसते, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मामांना म्हटलं, हा डाव आहे. मामा म्हणाले, "हो मग? तुझ्याकडे दुसरा आहे का?"

पोतं बरेच दिवस दारात होतं. आत उंदीर शिरला तेव्हा उघडावं लागलं. काही कुजली होती, आणि काही तुम्ही घासून धुतल्यामुळे वाया गेली. राख धुवायची नसते, ताई. बाकीच्यांना मोड आले होते. मोड आलेलं टाकून देववेना.

लावली. अर्धंच शेत झालं. पाय लगेच थकतो, आणि सकाळी उठणं जड जातं. काही दिवस उठलो नाही. सालेसीने खड्डे खणले. जाळंही परत आणलं त्याने, मी मागितलं नव्हतं.

वायसेलेकडे जातो. तो विचारतो, मी सांगतो. सगळ्याला "नाही" म्हणत नाही. त्याने एक गोळी दिलीय, साखरेची नव्हे. काय बोलतो ते विचारू नका.

बुधवारी शेजारच्या बेटावर जाताना बोटीत पुढे बसू नका, पाणी उडतं. खोकला झाला की तुम्ही औषध घेत नाही, हे मला माहीत आहे.

कोनफळं मे महिन्यात निघतील. पेलेच्या जेवणावळीला पुरतील. तोवर मी आहे.

त्यानंतर पुन्हा काहीतरी मागा.

लोपेती